निसरड्या जमिनीला टाकी

या पाठातून आपण काय शिकणार आहोत?

हा पाठ वाचल्यानंतर आपणांस
- ओली जमीन निसरडी का होते, याची कारणे सांगता येतील;
- पृष्ठभाग खरखरीत करण्याच्या जुन्या व नव्या पद्धतींची तुलना करता येईल;
- इपॉक्सीचा लेप दिलेली जमीन सुरक्षित कशी करावी, हे क्रमाने लिहिता येईल.

प्रस्तावना

चालणे ही माणसाच्या इतक्या सवयीची क्रिया आहे की, पायाखालच्या जमिनीकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. ते जाते पाय घसरल्यावर. त्या वेळी मात्र उशीर झालेला असतो. तरुण माणूस पडला तर कपडे झटकून उठतो. वृद्ध माणूस पडला तर खुब्याचे हाड मोडते आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य परावलंबी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते-अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. हे सगळे पडणे निसरड्या जमिनीमुळे होत नाही, हे खरे. परंतु निसरडी जमीन हे त्यातील असे कारण आहे की, जे माणसाला आपल्या हातांनी दूर करता येते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आपण प्रथम काशीच्या एका घाटावर जाऊ.

दुर्गाघाटाच्या पायऱ्या

वाराणसीत गंगेच्या काठी ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाट यांच्यामध्ये दुर्गाघाट आहे. नवदुर्गांपैकी ब्रह्मचारिणी देवीचे मंदिर येथे आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हा घाट दगडांनी बांधून घेतला. त्या काळापासून या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. उंच काठावरून थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या येथील पायऱ्या चढणे-उतरणे, हा घाटावरच्या माणसाचा नित्याचा व्यायाम होय. काशीत राहणाऱ्याने कशाकशापासून जपावे, हे सांगणारी एक जुनी लोकोक्ती आहे. तिच्यात इतर गोष्टींबरोबर पायऱ्यांचाही उल्लेख येतो. यावरून या धोक्याची जाणीव किती जुनी आहे, हे लक्षात येते.

काशीच्या घाटांना प्रामुख्याने चुनार परिसरातील वालुकाश्म वापरलेला आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण निसर्गाने एकमेकांना घट्ट चिकटवून तयार केलेला दगड. नव्याने घडविलेल्या वालुकाश्मावर हात फिरवला, तर त्याची खरखर तळव्याला जाणवते. ही खरखर म्हणजे वर डोकावणाऱ्या कणांची टोके. मात्र लाखो पावले त्यावरून गेली की टोके झिजतात आणि दगड तुकतुकीत होतो. माणसे बहुधा पायरीच्या मध्यावरून चालतात. म्हणून पायरी मध्यभागी अधिक झिजते. तिची पुढची कडही गोल होऊन बाहेरच्या बाजूला कलते. ज्या जागी पाय सर्वांत जास्त वेळा पडतो, तीच जागा अशा रीतीने सर्वांत कमी भरवशाची होते.

त्यात भर पडते ती नदीची. पावसाळ्यात गंगा चढते आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. वाराणसी येथे पाण्याची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ सालच्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचले होते. पूर ओसरला की पायऱ्यांवर बारीक, चिकट गाळाचा थर उरतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा लागतो. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर तर बाराही महिने शेवाळ धरते. गाळ असो वा शेवाळ, दोन्ही दगडाच्या उरल्यासुरल्या खरखरीवर पांघरूण घालतात. मग ओल्या अनवाणी पायांनी वर येणाऱ्या माणसाला आधार कशाचा राहणार?

पाय का घसरतो?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागले की त्या सरकण्याला जो विरोध होतो, त्यास घर्षण म्हणतात. आपण चालताना टाच पुढे टेकवतो, तेव्हा ती पुढे घसरू पाहते. घर्षण तिला रोखते. सपाट जमिनीवर साधारण वेगाने चालण्यासाठी शरीराच्या भाराच्या सुमारे एक पंचमांश, म्हणजे ०.२ इतके घर्षण लागते. भार आणि घर्षण यांच्या या प्रमाणाला घर्षणांक म्हणू. दहा फुटांना एक फूट चढ असलेल्या उतारावर ही गरज आणखी सुमारे ०.१ ने वाढते. धावणारा, वळणारा किंवा ओझे घेऊन चालणारा माणूस यापेक्षाही अधिक घर्षण मागतो. म्हणून जमिनीच्या अंगी गरजेपेक्षा बरेच जास्त घर्षण शिल्लक असावे लागते.

कोरड्या जमिनीवर हे घर्षण बहुधा मिळते. मग ती आरशासारखी गुळगुळीत असली तरी. खरी परीक्षा असते ती ओलाव्याची. पाय टेकताना तळवा आणि जमीन यांच्यामधले पाणी बाजूला सरायला हवे. जमीन गुळगुळीत असेल, तर त्या क्षणभरात पाण्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही. पाण्याचा पातळ पापुद्रा मध्ये अडकतो आणि पाय जमिनीवर न टेकता पाण्यावर टेकतो. साबण किंवा तेल असेल, तर ते पाण्यापेक्षा दाट असल्याने अधिक हट्टाने मध्ये राहते.

खरखरीत पृष्ठभाग येथे दोन कामे करतो. वर आलेली टोके पाण्याचा पापुद्रा भेदून तळव्याला भिडतात, आणि टोकांमधल्या खळग्यांतून पाणी निघून जाते. म्हणजे टोके पकड देतात आणि खळगे वाट देतात. निसरडेपणावरचे जुने-नवे सर्व उपाय या एकाच तत्त्वावर उभे आहेत.

पाथरवटाची टाकी

हे तत्त्व आपल्या घरांत फार पूर्वीपासून ठाऊक होते. वापरून वापरून पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात नाही, नुसता घसरत राहतो. मग पाथरवट बोलावून पाट्याला टाकी लावून घेतली जाई. टाकी म्हणजे दगड फोडण्याची व घडविण्याची छिन्नी. तिच्या टोकाने दगडावर ठिकठिकाणी बारीक घाव घातले की त्याची धार परत येते. जात्याच्या पाळूंनाही अशीच टाकी लावत. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मूर्तीविषयी आहे. पण घाव सोसल्याशिवाय पाट्याला पाटेपण राहत नाही, हेही तितकेच खरे.

मोरीत आणि अंगणात न घासलेली शहाबादी फरशी बसविण्यामागेही हाच विचार होता. दगडी पायऱ्यांवर आणि उतारांवर खाचा पाडतात, त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असतात. पायरीवर त्या पुढच्या कडेला समांतर असतात. त्यामुळे घसरू पाहणारी टाच खाचेच्या कडेला अडते. मात्र दुर्गाघाटासारख्या ऐतिहासिक वास्तूच्या दगडावर कोणी आपल्या मनाने छिन्नी चालवू नये. ते काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे. तेथे सामान्य माणसाने करण्याजोगी गोष्ट म्हणजे ताठ केसांच्या ब्रशाने शेवाळ नियमितपणे घासून काढणे.

नव्या काळातील चकचकीत जमीन

दुर्गाघाटाजवळच्या अरुंद गल्ल्यांत मोटारगाडी शिरत नाही. परंतु गावोगावच्या नव्या इमारतींत तळमजल्यावर वाहनतळ असतो. तेथे काँक्रीटच्या कोब्यावर इपॉक्सीचा लेप देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. इपॉक्सी हे दोन द्रव्यांचे मिश्रण असते. एक राळेसारखे चिकट द्रव्य आणि दुसरे त्याला घट्ट करणारे द्रव्य. दोन नळ्यांतून येणारे अॅराल्डाइट अनेकांच्या परिचयाचे आहे; १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आलेले ते इपॉक्सीच होय. दोन्ही द्रव्ये एकत्र आली की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि कठीण, टिकाऊ थर तयार होतो.

काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत तेल मुरते, डाग पडतात आणि वरची धूळ सुटत राहते. इपॉक्सी ही छिद्रे बुजवते. जमीन पुसायला सोपी आणि दिसायला सुंदर होते. परंतु ज्या छिद्रांत तेल मुरत होते, तीच छिद्रे पाण्यालाही वाट देत होती. ती बुजल्यामुळे पावसाळ्यात गाडीच्या चाकांवरून निथळलेले पाणी किंवा इंजिनातून गळलेले तेल पृष्ठभागावर तसेच राहते. घाटाची पायरी शतकांच्या वापरानंतर गुळगुळीत झाली. हा कोबा पहिल्या दिवसापासूनच गुळगुळीत असतो. स्वच्छतेची खूण म्हणून आपण ज्या चकाकीचे कौतुक करतो, तीच ओलाव्यात धोक्याची ठरते.

इपॉक्सीच्या जमिनीला खरखर कशी द्यावी?

यावरचा उपाय सोपा आहे. लेप ओला असताना त्यावर वाळूचे कण पेरायचे आणि ते त्यातच घट्ट बसू द्यायचे. निसर्गाने वालुकाश्मात जे केले, तेच येथे माणूस आपल्या हाताने करतो. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. जमीन तयार करणे. प्रथम तेल व मेण साबणाच्या पाण्याने पूर्णपणे काढावे, जमीन स्वच्छ धुऊन वाळू द्यावी. कोबा नवा असेल, तर तो सुमारे २८ दिवस पक्का होऊ द्यावा. जमिनीत ओल आहे काय, हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट दिसला, तर लेप देऊ नये. तो पुढे सुटतो.

२. घासणे. जमिनीवर आधीच इपॉक्सी असेल, तर त्या चकचकीत थराला नवा थर नीट धरत नाही. म्हणून ८० किंवा १०० क्रमांकाच्या काचपेपरने सर्व चकाकी जाईपर्यंत घासावे. नंतर धूळ पूर्णपणे टिपून घ्यावी. पाथरवट पाट्याला टाकी लावतो, त्यातलाच हा प्रकार समजावा.

३. मिश्रण करणे. दोन्ही द्रव्ये डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्यावीत. अंदाजाने घेतल्यास थर चिकट राहतो किंवा ठिसूळ होतो. लागेल तेवढेच मिश्रण करावे. कारण ही क्रिया होताना उष्णता निर्माण होते आणि बादलीत साठून राहिलेले मिश्रण लवकर घट्ट होते. उन्हाळ्यात तर हाताशी वेळ फारच थोडा असतो.

४. वाळू पेरणे. रोलरने एकसारखा थर द्यावा आणि तो ओला असतानाच कोरडी, धुतलेली, एकसारख्या कणांची वाळू पेरावी. वाळू मुठीने खाली न टाकता किंचित वर उधळावी, म्हणजे ती पावसासारखी सर्वत्र सारखी पडते. साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराचे कण पायी चालण्याच्या जागेस पुरेसे होतात. गाड्यांची वर्दळ जास्त असेल, तेथे वाळूऐवजी कुरुंदाचे, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरतात. ते वाळूपेक्षा कठीण असल्याने सावकाश झिजतात.

५. वरचा थर. थर घट्ट झाल्यावर सुटी वाळू झाडून काढावी आणि कण पक्के बसावेत म्हणून वरून एक पातळ हात द्यावा. येथे बेताने काम करणे फार महत्त्वाचे आहे. हा हात जाड झाला, तर कण त्यात बुडून जातात आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो. तो फारच पातळ झाला, तर कण चाकांखाली उखडू लागतात.

६. धीर धरणे. साधारणपणे एका दिवसानंतर त्यावरून चालता येते. गाडी उभी करण्यासाठी मात्र सुमारे आठवडाभर थांबावे. नेमका अवधी डब्यावर लिहिलेला असतो. तोच प्रमाण मानावा.

आपली सुरक्षितता

दुसऱ्यांचा पाय घसरू नये म्हणून काम करणाऱ्याने स्वतःचे आरोग्य गमावू नये. इपॉक्सीची द्रव्ये त्वचेला लागत राहिली, तर काहींना कायमची अॅलर्जी जडते. म्हणून हातमोजे घालावेत आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वाळूची आणि घासण्याची बारीक धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य आजार होऊ शकतो. दगडखाणींत व दगड घडविण्याच्या कामात अनेक कामगारांना तो जडला आहे. नाकाला नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. धूळ अडवणारा योग्य मास्क वापरावा. रोजंदारीवर काम करणाऱ्याने तो मालकाकडे मागून घ्यावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

खरखर किती असावी?

जास्त खरखर म्हणजे जास्त चांगले, असे मात्र नाही. मोठे कण असलेल्या जमिनीत मळ अडकतो. पुसण्याचे फडके फाटते आणि पुसणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुधा घरातील स्त्रीच्या वा मोलकरणीच्या, हातांना ती बोचते. लहान मूल पडले तर गुडघे सोलतात. याउलट कण फार बारीक असले, तर तेल सांडल्यावर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून उतारावर जाड कण, सपाट जागी मध्यम कण आणि अनवाणी वावराच्या जागी बारीक कण, असा विवेक करावा. आधी एका फळीवर नमुना करून तो ओला करून, त्यावर पाय ठेवून पाहावा. मग सर्व जमिनीला हात घालावा.

खरखर मोजताही येते. ब्रिटनमध्ये लोलकाच्या साहाय्याने जमिनीची परीक्षा करतात. ओल्या जमिनीवर ३६ किंवा त्याहून अधिक अंक आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ असेल तर मध्यम आणि २४ किंवा त्याहून कमी असेल तर जास्त, असे मानतात. अमेरिकेतील एका मानकानुसार घरातील ओल्या होऊ शकणाऱ्या सपाट फरशीचा घर्षणांक ०.४२ किंवा त्याहून अधिक असावा लागतो.

एवढी साधने नसतील, तर एक सोपा प्रयोग करून पाहा. रबरी तळाच्या चपलेवर वीट बांधून एकूण वजन ५ किलो करा. तिला तानकाटा अडकवून आडवी, सावकाश, एकसारख्या वेगाने ओढा. समजा, कोरड्या जमिनीवर काटा ३ किलो दाखवतो. ३ भागिले ५ म्हणजे ०.६. तीच जमीन साबणाच्या पाण्याने ओली केल्यावर काटा १ किलो दाखवू लागला, तर घर्षणांक ०.२ झाला. चालण्याला लागते तेवढेच घर्षण उरले. हाताशी काही शिल्लक राहिले नाही. या प्रयोगाचे अंक प्रयोगशाळेच्या अंकांइतके काटेकोर नसतात. परंतु दोन जागांची तुलना करण्यास ते उपयोगी पडतात.

समारोप

काशीचा घाट आणि आजचा वाहनतळ यांच्यात अडीच-तीनशे वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हीकडे वाळूच्या कणानेच माणसाचा पाय धरून ठेवायचा असतो. वालुकाश्माची टोके झिजतात, तशीच इपॉक्सीतील वाळूचीही झिजतात. गाळ, तेल आणि शेवाळ दोघांचीही पकड झाकून टाकतात. त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही. पाट्याला पुन्हापुन्हा टाकी लावावी लागे, तसे जमिनीकडेही अधूनमधून लक्ष द्यावे लागते. आपल्या घरातील मोरी, जिना आणि गाडी लावण्याची जागा पाणी ओतून एकदा तपासून पाहावी. घरातील वृद्ध माणूस तेथून रोज जात असतो, आणि त्याचा पाय घसरण्याआधीच ही तपासणी झालेली बरी.

शब्दार्थ

टाकी – दगड घडविण्याची छिन्नी
पाळू – जात्याचे दगडी तळे
वालुकाश्म – वाळूच्या कणांपासून बनलेला दगड
कोबा – सिमेंटची किंवा चुन्याची ठोकून केलेली जमीन
कुरुंद – धार लावण्याच्या दगडात वापरले जाणारे अतिशय कठीण खनिज
लोलक – टांगलेला, झोके घेणारा दांडा किंवा गोळा

पाठगत प्रश्न

१. पायरीचा मध्यभाग सर्वांत कमी भरवशाचा का होतो?
२. खरखरीत पृष्ठभागाची टोके आणि खळगे कोणती दोन कामे करतात?
३. वाळू पेरल्यानंतर दिलेला वरचा थर जाड झाल्यास काय होते?

स्वाध्याय

१. ‘चकाकी म्हणजे सुरक्षितता नव्हे’, या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. ‘टाकी लावणे’, ‘हात देणे’ आणि ‘हात घालणे’ या शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
३. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणची एक निसरडी जागा निवडा. ती निसरडी का आहे आणि तिच्यासाठी कोणता उपाय योग्य ठरेल, हे दहा ओळींत लिहा.